शेवटचा हात

रविवार, ८ जानेवारी

व्यायामशाळेच्या मास्तरीणबाईंनी आज दोन वह्या दिल्या. एकीत हिच्या खाण्याची वजनं लिहायची. चिकन किती ग्रॅम, भात किती, अंड्यातला पांढरा किती. दुसरी वही, पहिली भरली तर म्हणून. पहिली भरायला वर्ष लागेल, तोवर दुसरी कोरी ठेवून काय करायचं, म्हणून ती मी घेतली. आमच्या घरात लिहिण्याचा नाद कुणालाच नाही. पण ही जे करायला निघाली आहे ते बघून कुठेतरी टिपून ठेवावंसं वाटलं.

ही म्हणजे माझी बायको. वय सत्तेचाळीस. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात असते, ओल्या चादरींचे गठ्ठे एका मशीनमधून काढून दुसऱ्यात टाकायचे. दोन वर्षांपूर्वी हिची पिशवी काढली, पोट उभं उघडावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते तीन महिने वजन उचलू नका. आम्ही ते जन्मभरासाठी धरून चाललो. विभागात हिला टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं आणि घरी मी पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. असं दीड वर्ष चाललं. मग एक दिवस ही स्वतः डॉक्टरांना विचारून आली आणि परस्पर व्यायामशाळेत नाव घातलं. मला कळलं ते हिच्या तळहातावर घट्टे दिसले तेव्हा. आता गठ्ठेही परत मागून घेतले आहेत.

सव्वीस मार्चला शहराची शरीरसौष्ठव स्पर्धा आहे. त्यात पंचेचाळीसच्या वरच्या बायकांचाही गट आहे आणि हिला त्यात उभं राहायचंय. नंबर नको म्हणते. पोटावर स्नायूंच्या रेघा उठून दिसल्या पाहिजेत, एवढंच.

"ऑपरेशन झाल्यापासून हे पोट दुसऱ्यांच्याच ताब्यात आहे," म्हणाली. "डॉक्टरांच्या, नर्सच्या, तुमच्या. मला ते परत पाहिजे."

मी म्हटलं, खाण्याचं माझ्याकडे सोड. सत्तावीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसं जेवू घालतोय. एका बायकोला मोजून वाढायला असं काय लागतं.

मंगळवार, १० जानेवारी

नवा काटा आणलाय, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कच्चंच तोलायचं, शिजल्यावर नाही, हे मास्तरीणबाईंनी दोनदा बजावलं. मी डोळ्यांत तेल घालून तोलतो. आज दुपारचं चिकन दीडशे ग्रॅम भरायला हवं होतं, एकशे त्रेपन्न भरलं, तर तीन ग्रॅमचा तुकडा कापून बाजूला काढला. लेक हसत होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर थेंब मोजते, तरी बापाला हसते.

मास्तरीणबाईंच्या कागदावर लिहिलंय, उकडून द्या. उकडून! तसलं पांढरंफटक ताट माझ्या हातून बाहेर जाणार नाही. लसूण ठेचून, मिरपूड टाकून, तव्यावर वाफवलं. तेल पाच ग्रॅम, कागदात आहे तेवढंच. मग गॅस बंद करून नेहमीसारखा शेवटचा हात: सुरीच्या टोकावर लोणी, भांड्यात फिरवायचं, झाकण. हे कॅन्टीनच्या वस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. तेव्हापासून माझं एकही भांडं त्याशिवाय चुलीवरून उतरलेलं नाही.

वहीत लिहिलं: चिकन १५०, फरसबी १००, भात ८०, तेल ५. अक्षर चांगलं काढलंय.

शुक्रवार, २० जानेवारी

आज मला सुट्टी होती, म्हणून सकाळी हिच्याबरोबर व्यायामशाळेत गेलो. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. पोटावर बनियन ताणलेला मी, आणि तिथे सगळीकडे आरसे.

हिने लोखंडी दांडा जमिनीवरून उचलला. दोन्ही बाजूंना मिळून सत्तर किलो. मी कॅन्टीनमध्ये पन्नास किलोचं पोतं उचलताना देवाचं नाव घेतो. हिने नावबिव काही घेतलं नाही. श्वास घेतला, पाठ सरळ केली आणि उभी राहिली. पाच वेळा. माझ्या घरात सव्वीस वर्षं वावरणारी बाई ती हीच का, असं वाटलं. ऊर भरून आला आणि मी उगाच पाण्याच्या नळाकडे गेलो.

मास्तरीणबाई पूर्वी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. मान खांद्यात रुतलेली, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्या म्हणाल्या, बाकीच्या बायका दुसऱ्या आठवड्यात खाण्यावरून रडायला लागतात. तुमची मंडळी मात्र चिकन खाऊन आनंदात. हिने माझ्याकडे बोट केलं. "यांच्या हाताला चव आहे."

दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवार, ४ फेब्रुवारी

चार आठवडे झाले. खांदे असे भरलेत की जुन्या ब्लाउजांच्या बाह्या दंडात अडकतात. पाठीवर मधोमध पन्हळ पडलीय. पण कंबर हलेल तर शपथ. टेप लावली, अर्धा सेंटिमीटर कमी. पोट सपाट आहे, पण रेघ एकही नाही.

मास्तरीणबाईंनी वही मागितली. पान न् पान बघितलं, बोट ठेवून बेरजा केल्या. म्हणाल्या, वही तर आरशासारखी स्वच्छ आहे, मग हिचं शरीरच चिवट दिसतंय. भात अर्ध्यावर आणायचा ठरलं. माझ्या वहीचं कौतुक झालं म्हणून मला बरं वाटलं, आणि हिचा चेहरा उतरला म्हणून वाईटही.

सोमवार, १३ फेब्रुवारी

ही सकाळी आरशासमोर उभी राहते. बाजूला वळते, श्वास सोडते, पोट आवळते. बेंबीच्या खाली ऑपरेशनचा व्रण आहे, त्याच्या बाजूने बोट फिरवते. मग गाउन खाली सोडून कामाला लागते. तक्रार नाही. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. काल टेप पुन्हा तिथेच थांबली तेव्हा मला मिनिटभर हायसं वाटलं. का, ते कळलं नाही. ही रोज थोडी थोडी दुसरीच होत चाललीय. चालणं बदललं, जिना चढताना मागे वळून बघत नाही, बाजाराच्या पिशव्या माझ्या हातातून काढून घेते. कमरेपुरती तरी जुनी आहे, असलं काहीतरी डोक्यात आलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या शरमेपोटी दुपारच्या माशावर लिंबू जास्त पिळलं आणि मन लावून केला.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

आज विभागात हिला भोवळ आली. चादरींचा गठ्ठा हातात असताना मशीनला टेकून उभी राहिली, पडली नाही. तिथल्याच एका बाईने फोन केला. मी कॅन्टीनचा गणवेश घालूनच धावलो.

भात आता पूर्ण बंद आहे. वहीप्रमाणे ही एखाद्या लहान पोरीएवढं खाते आहे, आणि तरी रेघा नाहीत. मास्तरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. बारा मार्चला बघते. तोवर पोटावर काही दिसलं नाही तर नाव पाठवणार नाही, आणि हिला याहून उपाशी ठेवून पाप डोक्यावर घेणार नाही. ही ऐकत होती. नंतर रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, माझंच काहीतरी चुकतंय. हिचं काय चुकणार? सहा महिन्यांत एक दिवस चुकवलेला नाही या बाईने.

माझा जीव तुटला. घरी आल्या आल्या भाज्यांचं सूप केलं. शेवटचा हात आज जरा सढळच पडला असेल. दोन घोट पोटात गेले आणि हिच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाली, एवढं एक तुमचं सूप आहे म्हणून मी उभी आहे.

बुधवार, १ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. काल रात्रीचं जेवण करून झाल्यावर हात शाबूत होता, आज सकाळी कॅन्टीनच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि वाफ सगळी उजव्या हातावर आली. कोपरापर्यंत पट्टी बांधलीय. दहा-बारा दिवस चुलीजवळ जायचं नाही.

लेकीने दहा दिवसांची रजा टाकली आणि वही घेतली. सगळं वहीप्रमाणे करते. काटा, घड्याळ, पुन्हा काटा. दुपारचं चिकन चाखून बघितलं, रबर बरं. मी हिला विचारलं, जाईल का घशाखाली? ही म्हणाली, जातंय की.

मंगळवार, ७ मार्च

सकाळी न्हाणीघरातून हाक आली. "अहो, जरा इकडे या." मला वाटलं पुन्हा भोवळ.

ही आरशासमोर होती, गाउन वर धरलेला. बरगड्यांच्या खाली, मधोमध, एक रेघ उतरली होती. दोन्ही बाजूंना दोन आडव्या, अजून पुसट. उजेडात वळली की दिसायच्या, सरळ उभी राहिली की लपायच्या. मी चष्मा आणायला गेलो आणि परत येईपर्यंत ही रडत होती. मी पण.

मग दिवसभर दुसरंच काहीतरी डोक्यात घोळत राहिलं. सात आठवडे मी घातले, आणि रेघ आली ती लेकीच्या सात दिवसांत. पोरीच्या हातात असं काय आहे? असं वाटणं बरं नाही, पण वाटलं.

गुरुवार, ९ मार्च

आज स्टुलावर बसून लेकीला शिकवत होतो. एवढं नीरस करू नकोस म्हटलं, आईने तुझी चूक काढली नाही म्हणजे चव आहे असं नाही. लसूण ठेचून घे, आच कमी कर. तिने केलं. म्हटलं, आता गॅस बंद कर, आणि सुरीच्या टोकावर लोणी घे.

तिने फ्रीज उघडला नाही. वही उघडली. पान उलटलं, मागचं उलटलं.

"बाबा, लोणी किती ग्रॅम? वहीत कुठे दिसत नाही."

मी म्हटलं, ते वहीत नसतं गं. तो शेवटचा हात. त्याचं वजन नसतं.

बोललो आणि माझं वाक्य माझ्याच कानांवर पडलं. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिने सुरी खाली ठेवली आणि भांडं तसंच झाकलं. मी हात दुखतोय म्हणून आत जाऊन पडलो.

शुक्रवार, १० मार्च

नऊ जानेवारीपासून अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत. एक्कावन्न दिवस. दिवसातून तीन वेळा. मी तीन ग्रॅमचा चिकनचा तुकडा कापून बाजूला काढत होतो आणि त्याच हाताने लोणी फिरवत होतो. त्यापायी हिचा भात गेला, हिला भोवळ आली, हिने स्वतःला दोष दिला.

सांगायचं कसं? दिवसभर वाटत होतं, सांगायची गरजच काय. लेक बोलणार नाही, ती माझ्यावर गेलीय. माझा हात बरा झाला की लोण्याला शिवायचं नाही, विषय संपला. रेघा आल्यातच.

संध्याकाळी ही कामावरून आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंत धरून उभी राहिलेली मी दारातून बघितली. भात नाही आणि आता लोणीही नाही. मी गप्प बसलो तर ही त्या खोट्या हिशोबावरच उपाशी राहणार. रविवारी नाव जाईल आणि त्यानंतर ही कुठेतरी गठ्ठ्यासकट कोसळेल.

तरीही आज तोंड उघडलं नाही. भेकड आहे मी.

शनिवार, ११ मार्च

सांगितलं. ही चहा घेत होती, बिनसाखरेचा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

हिने कप खाली ठेवला. "एका वेळी किती?"

म्हटलं, दहाएक ग्रॅम असेल.

हिने बोटांवर हिशोब केला. मग उठली, फळीवरून पिठाचा एक किलोचा पुडा काढला, एक अर्ध्या किलोचा काढला, दोन्ही टेबलावर एकावर एक ठेवले आणि त्यांच्यासमोर बसली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मुद्दाम केलंत का?"

नाही, असं पटकन म्हणायला तोंड उघडलं. मग तेरा फेब्रुवारीचं पान आठवलं. मी म्हटलं, हाताने सवयीने केलं. पण मनात काय होतं ते मला सांगता येत नाही. तुझी टेप थांबली होती तेव्हा मला बरं वाटलं होतं.

हे का बोललो कोण जाणे. हिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"बादली उचलू दिली नाहीत तेव्हा मी गप्प बसले. वाटलं, काळजी आहे. आहेच. पण आता माझं ताट मीच करणार," म्हणाली, आणि पुडे जागच्या जागी ठेवले.

रविवार, १२ मार्च

मास्तरीणबाईंनी रेघा बघितल्या, बोटाने दाबून बघितल्या. नाव पाठवते म्हणाल्या. मग विचारलं, अचानक हे कसं? मी मान खाली घातली. ही म्हणाली, तोलण्यात आमची चूक होत होती, सापडली. आमची म्हणाली. मास्तरीणबाईंनी हिशोब पुन्हा मांडला आणि भात परत सुरू केला, सकाळी साठ, दुपारी साठ. मी तिथेच उभा होतो, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. हिने 'आमची' का म्हटलं हे विचारायचं राहिलं.

रविवार, १९ मार्च

पट्टी सुटली. हात गुलाबी झालाय, पण चालतो. चुलीवर मात्र ही आहे. पहाटे उठून दिवसभराचं शिजवते, तोलते, स्वतःच्या अक्षरात लिहिते, डब्यांत भरते. मग व्यायामशाळा, मग कामावर गठ्ठे, मग पुन्हा तासभर चालणं, मग मास्तरीणबाईंकडे उभं राहण्याचा सराव. उभं राहणंही शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. पाय असा, खांदा तसा, आणि सगळं आवळलेलं असताना चेहऱ्यावर हसू. ते हसू तिला जमत नाही, बाकी सगळं जमतं.

माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी सत्तावीस वर्षांचा स्वयंपाकी, आणि घरात भांडी घासतो. घासायला काही हरकत नाही. ही जेवत असताना समोर बसायला मिळतं तेवढं पुरे. भाजी फिकी असते. ही ती शेवटपर्यंत खाते, चमच्याने ताटली निरपून. आता सहा रेघा आहेत. मी विचारलं नाही, लांबून मोजल्या.

रविवार, २६ मार्च

सगळं आजच लिहून काढतो.

सकाळी अकराला शाळेच्या मोठ्या सभागृहात होतं. मंचामागे बायकांना तपकिरी रंग फासत होते, दिव्यांखाली स्नायू दिसावेत म्हणून. मास्तरीणबाई म्हणाल्या, पोटावरचा व्रणही रंगात झाकून टाकू, कळणार नाही कुणाला. ही म्हणाली, नको, राहू दे. हे लेकीने मला बाहेर येऊन सांगितलं.

सात जणी होत्या. ही सहा नंबर. दिव्यांखाली आली, हात कमरेवर घेतले, श्वास सोडला आणि पोट आवळलं. सहाच्या सहा रेघा, आणि त्यांच्या खाली मधोमध तो व्रण, सरळ, कुणी पट्टीने ओढावा तसा. मी सव्वीस वर्षं या बाईबरोबर राहतोय आणि मला वाटलं, हिला मी आज पहिल्यांदा बघतोय. हे अंग हिने भोवळ आलेली असताना, उपाशी असताना, नवरा आडवा येत असताना घडवलं. टाळ्या वाजवताना नव्या कातडीला झोंबत होतं तरी वाजवल्या.

शेजारचा माणूस कुणाचातरी भाऊ होता. म्हणाला, सहा नंबर जबरदस्त आहे, तुमची कोण? बायको म्हटलं. त्याने विचारलं, खाण्याचं कोण बघतं हिच्या?

"तीच बघते," मी म्हटलं.

पाचवा नंबर आला. नाव पुकारलं तेव्हा ही हसली, आणि ते शिकवलेलं हसू नव्हतं.

दुपारी चारला घरी आलो. हिने तोंडावरचा रंग धुतला, जुना शर्ट चढवला, स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले.

"भूक लागलीय," म्हणाली. "तुम्ही करा आज."

मी लगेच उठलो. सूप चढवलं. लसूण, मिरपूड, गाजर, कोबी. गॅस बंद केला. हात आपसूक लोण्याकडे गेला, सुरीचं टोक त्यात बुडालंसुद्धा, आणि मी थांबलो. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला, आणि सुरीवरचं लोणी वाटीत पुसलं.

अठरा.

पुन्हा केलं, डोळे मिटून, हाताला जसं येतं तसं. सतरा. तिसऱ्यांदा, अठरा. गप्प बसायचा मोह क्षणभर झाला, नाही असं नाही. पण या वहीत मी एकदा भेकड झालोय, ते पुरे.

मी वळून म्हटलं, "अगं, ते दहा ग्रॅम नव्हतं. अठरा होतं."

लेक लॅबमधली. तिने तिथल्या तिथे हिशोब सांगितला. दीड नव्हे, पावणेतीन किलो.

ही माझ्याकडे बघत राहिली, मग काट्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसायला लागली. दोन्ही हातांनी पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दुखतंय दुखतंय म्हणत. लेकही हसायला लागली. मी लोण्याची वाटी हातात घेऊन उभा.

मग हिने हात लांब करून खाण्याची वही ओढली, पेन मागितलं, आणि आजच्या पानावर स्वतः लिहिलं: लोणी, १८.

"आता घाला," म्हणाली.